मंगळीला न वाढलेली खिचडी

मित्रांनो, रखमीच्या अंगणात कुडाला टेकून एक पालथा टोप दिसतो ना, संध्याकाळी ज्याच्याखाली कोंबडीची पिल्लं झाकतात, तो मी. जातीने ॲल्युमिनियमचा, बुडाने जाड, आणि तोंड एवढं रुंद की एके काळी अख्ख्या पाड्याच्या पोरांची खिचडी माझ्यात शिजायची. आता बुडाला भोक पडलं आहे. त्या भोकातून पिल्लांना वारा मिळतो, म्हणून माझी अजून भंगारात रवानगी झालेली नाही. रखमी म्हणते, राहू दे, कामाचा आहे. तिच्या तेवढ्या शब्दावर मी दिवस ढकलतो आहे.

माझा जन्म भिवंडीकडच्या एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्रा फिरवून, दाबून, ठोकून मला घडवलं. ठोके खाल्ल्याशिवाय आकार येत नाही, असं मोठी माणसं तुम्हाला सांगत असतील. मला विचाराल तर ठोके खाल्ले की दुखतं, बाकी काही नाही. तिथून मी टेंपोने जव्हारच्या बाजारपेठेत आलो आणि एका दुकानाच्या छताला उलटा टांगला गेलो. लग्नसराई आली, गेली. माझ्याहून लहान भांडी पटापट खपली. माझ्याकडे गिऱ्हाईक नुसतं मान वर करून बघायचं आणि ‘एवढा मोठा काय करायचा’ म्हणून पुढे जायचं. मी पार कंटाळून गेलो होतो.

मग एका जुलैत उगवती सेवा क्लबची मंडळी दुकानात आली. हा क्लब जव्हारच्याच शिक्षकांनी, कारकुनांनी, दोन-चार दुकानदारांनी मिळून काढलेला. छातीवर सूर्याचं चित्र असलेला बिल्ला लावायचे. कोणी त्यांना पगार देत नव्हतं. रविवारी घरी पाय पसरून पडायचं सोडून ही माणसं कुठे तळ्यातला गाळ काढ, कुठे डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर भरव, कुठे रोपं लाव, असले उद्योग करत. त्यांच्यातली एक रीत मात्र नीट ऐकून ठेवा, ती पुढे लागेल. दर जुलैला त्यांचा नवा अध्यक्ष व्हायचा आणि प्रत्येक अध्यक्ष आपला नवा उपक्रम आणायचा. त्या वर्षी अध्यक्ष झाल्या होत्या नीताबाई. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. अंगाने किरकोळ, आवाज खणखणीत, आणि मनात एक घेतलं की ते तडीस नेणाऱ्या.

मागच्या पावसाळ्यांत इकडच्या डोंगरांतून लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. नीताबाईंना त्या बातम्यांनी झोप लागेना. त्यांनी क्लबच्या सभेत सांगितलं, ‘यंदा दुसरं काही नको. एक पाडा घेऊ आणि तिथल्या लहान पोरांना रोज एक वेळ पोटभर खिचडी देऊ.’ बाजारपेठेतून डाळ-तांदूळ गोळा झाला. मला खाली उतरवलं, माझ्या काठावर टिंबाटिंबांनी क्लबचं नाव कोरलं आणि जीपच्या टपावर बांधून सूर्यमाळच्या उतारावरच्या एका पाड्यावर आणलं. पाड्याचं नाव सांगत नाही. त्या माणसांना उगाच बोल लागायला नको. माझा मात्र ऊर नुसता भरून आला होता. एवढे दिवस टांगून घेतल्याचं सार्थक झालं म्हणा ना.

तिथे शाळेच्या ओट्यावर तीन दगडांची चूल मांडली. रांधायला रखमी होती. नवरा नसलेली बाई, तोंडाने फटकळ, हाताला चव. मला पहिल्यांदा चुलीवर चढवलं तेव्हा ती माझ्या पोटावर थाप मारून म्हणाली, ‘भरशील तेवढा कमीच पडशील रे बाबा.’ मी मनात म्हटलं, बघच तू. पण तिचंच खरं झालं.

श्रावणाच्या आधीचे ते दिवस इकडे फार वाईट. कणगीतली नागली संपलेली, नवं पीक यायला अजून अवकाश, आणि काम तर सगळ्यांत जास्त, कारण आवणी, म्हणजे भाताची लावणी, त्याच दिवसांत. उजाडायच्या आत बाया पाठीवर इरलं घेऊन शेतात उतरायच्या ते अंधार पडेपर्यंत चिखलात वाकलेल्या. पुष्कळांचे बाप वाडा तालुक्याकडे दुसऱ्यांच्या आवणीला गेलेले. मग तान्ह्या पोरांना कोण सांभाळणार? थोरली बहीण. पाच-सहा वर्षांची झाली की पोरीच्या कडेवर भावंड आलंच. त्या पाड्यावर मी मोकळ्या कडेची पोर क्वचितच पाहिली.

पहिले काही दिवस पोरी घरून ताटली आणायच्या, खिचडी घ्यायच्या आणि घरी न्यायच्या. तिकडची रीतच तशी. ओढ्यात एक खेकडा सापडला तरी तो घरी नेऊन सगळ्यांनी मिळून खायचा. एकट्याने कोपऱ्यात बसून खाणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यामुळे माझी खिचडी घरोघर जाई आणि म्हातारी, थोरली, धाकटी सगळ्यांत वाटली जाई. ज्याच्यासाठी शिजवली त्या तान्ह्याच्या वाट्याला चार घास.

नीताबाई काटा आणून पोरांना झोळीत घालून वजन करायच्या. वजन वाढेना. त्यांनी घरोघर जाऊन बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्या चिडल्या नाहीत, घाबरल्या. डाळ-तांदूळ मोजकाच होता. सगळ्या पाड्याला पुरवायचा म्हटला तर आठवड्यात संपला असता. म्हणून त्यांनी नियम केला, की घरी न्यायचं नाही. इथेच बसून खायचं, आणि फक्त लहानांनी. जी पोरं त्यांना कडेवर घेऊन येतील त्यांनी नुसतं भरवायचं.

रखमी म्हणाली, ‘बाई, त्या पोरीपण उपाशीच असतात.’

‘मला दिसतंय गं,’ नीताबाई म्हणाल्या. ‘पण आधी जे मरायला टेकलंय ते वाचवू दे. मोठ्यांचं पुढे बघू.’

मित्रांनो, तुम्हीच सांगा, यात वाईट काय होतं? मला तरी काही वाईट दिसलं नाही. माझ्या पोटात जेवढं मावत होतं तेवढंच मावत होतं.

आता फागीच्या लेकीची गोष्ट. फागी पाड्याच्या वरच्या अंगाला राहायची. नवरा वाड्याकडे गेलेला, ती स्वतः खाली पोशेऱ्याकडच्या शेतांवर मजुरीला. घरी थोरली मंगळी आणि धाकटा बुध्या. मंगळी सातेक वर्षांची असेल, पण अंगाने पाचाची वाटायची. बुध्या चालायच्या वयाचा झाला होता, पण पायांत जोर नव्हता, त्यामुळे कायम तिच्या कडेवर. डोकं मोठं, डोळे मोठे, हातपाय काटक्या. फागी सकाळी निघताना मंगळीला एकच सांगून जायची, ‘बुध्याला खिचडीला ने. तो खाल्ला म्हंजे झाला.’ साऱ्या घराचा जीव त्या पोरात अडकला होता. त्याच्या आधीचं एक असंच पावसाळ्यात गेलेलं.

मंगळी रोज सगळ्यांच्या आधी हजर. पावसात स्वतः भिजायची, पण खताच्या पिशवीचा कागद बुध्याच्या डोक्यावर धरायची. ओट्याच्या कडेला मांडी घालून बसायची, त्याला मांडीत घ्यायची आणि भरवायला लागायची. तिचं भरवणं बघत राहावं असं होतं. घास बोटांनी मऊ करायचा, फुंकर घालायची, आधी स्वतःच्या ओठाला लावून चटका बघायचा आणि मग त्याच्या तोंडात. त्याने तोंड फिरवलं की त्याला कावळा दाखवायचा, कोंबडी दाखवायची, गुदगुल्या करायच्या, आणि तो हसला की हळूच घास आत. बुध्याच्या गालांवर थोडं बाळसं यायला लागलं होतं. काट्यावर त्याचं वजन वाढलेलं दिसलं तेव्हा नीताबाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मंगळीला वाटलं टाळ्या तिलाही आहेत. तिने मान खाली घालून हसू लपवलं. त्यांतल्या निम्म्या तिच्याच होत्या, असं मला अजूनही वाटतं.

एका रविवारी क्लबची बरीच मंडळी आली होती. तहसील कचेरीतले हेमंतभाऊ कॅमेरा घेऊन आले होते. नीताबाई ओळीतून फिरत होत्या, कोण किती खातंय ते बघत होत्या. बुध्याची ताटली संपली. मंगळीने त्याचं तोंड पुसलं आणि बोटांना चिकटलेली शितं चाटली. एक बोट, मग दुसरं. डोळे मिटून चाटत होती. मग ताटलीच्या कडेला राहिलेलं एक शीत उचलून तोंडात टाकलं.

नीताबाई नेमक्या तेव्हा तिच्यासमोर आल्या.

‘काय गं, बाळाचं खातेस होय?’ त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत, ते मी सांगितलंच. ‘तू मोठी ना? ते त्याचं आहे. तू खाल्लंस तर तो कसा वाढणार?’

आणि त्या पुढे गेल्या. त्यांच्या मनात काही राहिलंही नसेल. शाळेत दिवसभरात अशी दहा पोरं दटावतात शिक्षक. पण पोरं हसली. कोणीतरी ‘खादाड, खादाड’ म्हणालं. मंगळीने हात पाठीमागे लपवला. ती रडली नाही. बुध्याला उचललं, ताटली धुतली, ठेवली आणि गेली. धुतानाही तिने बोटं ताटलीपासून लांब धरली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती कुड्याच्या झाडाचं पान घेऊन यायला लागली. घास भरवला की बोटं पानाला पुसायची. वर बघायची नाही. कावळाही दाखवायची नाही, त्यामुळे बुध्या अर्ध्यावर तोंड मिटायचा. उरलेलं ती तसंच्या तसं रखमीपुढे आणून ठेवायची आणि म्हणायची, ‘बघ, उरला आहे. मी नाय खाल्ला.’ रखमी म्हणाली, ‘खा गं, आज कोण नाय बघत.’ तर पोरगी दोन पावलं मागे सरली. रखमीच्या तोंडून शिवी गेली, कोणाला ते तिलाच माहीत.

आणि मग मंगळी यायची थांबली.

रखमीला वाटलं, बाकीच्या दोघी-तिघींसारखी फागीही पोराला पाठीशी बांधून शेतावर नेत असेल. नीताबाई आल्या तेव्हा तिने सांगितलंही, ‘फागीचा पोर दिसत नाय.’ नीताबाईंनी विचारलं, ‘आईबरोबर गेलाय का?’ रखमी म्हणाली, ‘असेल.’ त्या ‘असेल’वर विषय संपला. पावसाने असा काही जोर धरला होता की वरच्या अंगाला चढून जायचं कोणाच्या मनात आलं नाही.

खरं काय होतं, ते पुढे मंगळीनेच रखमीला सांगितलं, माझ्यासमोर. ती रोज घरून निघायची, बुध्याला घेऊन. शाळेच्या मागच्या मोहाच्या झाडापर्यंत यायची आणि तिथेच बसायची. इकडे ताटल्या वाजायला लागल्या की बुध्या हात पसरून रडायचा. ती त्याला पावसाचं पाणी पाजायची, करवंदीचा पाला चघळायला द्यायची, गाणं म्हणायची. ताटल्यांचा आवाज थांबला की उठून घरी. संध्याकाळी फागी चिखलाने माखून यायची आणि विचारायची, ‘खाल्ला ना बुध्या?’ मंगळी म्हणायची, ‘खाल्ला.’ फागी निश्चिंत होऊन पाठ टेकायची. आईला काय सांगणार ती? मना खादाड म्हणाले, म्हणून मी नाय जात, असं? सात वर्षांच्या पोरीला ते शब्दच सापडले नसतील.

मग बुध्याला ताप आला, जुलाब लागले. ताप काय, दर पावसाळ्यात येतो. अंगात काही असलं तर पोर तरून जातं. त्याच्या अंगात जे थोडं साठलं होतं ते सरलं होतं. फागी त्याला घेऊन मोखाड्याला दवाखान्यात निघाली. मध्ये ओढ्याला पाणी होतं. ती काठावर पाणी उतरायची वाट बघत बसली. मंगळी शेजारी, कागद धरून. तिथेच, फागीच्या मांडीवर, बुध्या गेला.

माझ्यात त्या दिवशीही खिचडी शिजली होती. पावसामुळे पोरं कमी आली, तर खाली बरीच उरली होती.

पुढे काही दिवसांनी मंगळी शाळेच्या ओट्याशी येऊन उभी राहिली. एकटी. सवयीने कमरेतून एका अंगाला कलून उभी होती, कडेवर मूल असल्यासारखी. हात तसाच वळलेला. नीताबाई तिथेच होत्या. बुध्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी ताटली घेतली, माझ्यातून काठोकाठ भरली आणि तिच्यापुढे धरली. ‘बस बाळा. खा.’

मंगळीने हात मागे घेतले.

‘मी नाय खाल्ला त्याचा, बाई,’ ती म्हणाली. ‘नुसता हात चाटला. मना भूक होती.’

नीताबाई तिला जवळ घ्यायला पुढे झाल्या. ताटली त्यांच्या हातातून सुटली आणि खिचडी ओट्यावर सांडली. मंगळीला वाटलं आपण पुन्हा काही चुकलो. तिने घाईघाईने सांडलेली खिचडी ओंजळीत भरून ताटलीत घातली, एक शीत खाली ठेवलं नाही, आणि बोटं पानाला पुसून निघून गेली.

त्या दिवशी नीताबाईंनी नियम मोडला. जो येईल तो जेवेल, लहान असो, मोठा असो. डाळ-तांदूळ कमी पडला तेव्हा त्यांनी घरचा आणला, शेजारणींकडून मागितला, पाण्याने खिचडी पातळ केली, पण कोणाला परत पाठवलं नाही. मंगळीला आणायला त्या स्वतः वरच्या अंगाला चढून गेल्या. ती कुडाच्या मागे लपली. फागी दारात आली आणि एवढंच म्हणाली, ‘राहू द्या बाई. ती आता घरीपण नीट नाय खात.’ त्यानंतर माझ्यातली खिचडी मंगळीच्या पोटात कधी गेली नाही.

पुढच्या जुलैला रीतीप्रमाणे अध्यक्ष बदलला. हेमंतभाऊ आले. माणूस चांगला, डोंगर हिरवे करायचे म्हणून पेटलेला. यंदाचा उपक्रम वृक्षारोपण. रखमीने नीताबाईंना विचारलं, ‘टोप कदी चढवायचा?’ नीताबाई म्हणाल्या, ‘यंदा क्लबचा विषय वेगळा आहे, रखमी.’ सांगताना त्या माझ्याकडेही बघू शकल्या नाहीत. त्या पावसाळ्यात माझ्यात पाणी भरून ते रोपांना घातलं. रोपांना, पावसाळ्यात! पण फोटोत पाणी घालताना दिसायला हवं होतं. काही रोपं जगली, पुष्कळशी शेळ्यांनी खाल्ली. नंतर नीताबाईंची बदली झाली, आणि क्लबची जीप पाड्यावर यायची थांबली. मला रखमीने घरी नेलं. लग्नाकार्यात भात शिजवला, दिवसकार्यात शिजवला. वर्षांनी बूड झिजलं, भोक पडलं, आणि मी पिल्लांचा राखणदार झालो.

परवाच्या वैशाखात, इतक्या वर्षांनी, नीताबाई पुन्हा आल्या होत्या. केस पांढरे झाले आहेत, आवाज बसला आहे. क्लबच्या पोरांबरोबर झऱ्याची साफसफाई करायला आल्या होत्या, तर रखमीला भेटायला अंगणात बसल्या. तेवढ्यात वाटेने एक बाई आली. वीटभट्टीवरून परतलेली, डोक्यावर बोचकं, कडेवर तान्हं, आणि लुगड्याला धरून चालणारी चारेक वर्षांची मुलगी. पाणी मागायला थांबली. नीताबाईंनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि कडेवरच्या बाळाच्या हातात एक बिस्कीट दिलं. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. मी ओळखलं. उभी राहण्याची पद्धत कुठे जाते?

ती मुलगी बाळाच्या हाताकडे बघत होती. मागत नव्हती, नुसती बघत होती.

मंगळीने बोचकं खाली ठेवलं. बाळाच्या मुठीतून बिस्कीट सोडवलं, खाली वाकली आणि लेकीच्या तोंडाशी धरलं. लेक मागे सरली.

‘खा,’ मंगळी म्हणाली. ‘आदी तू खा. कोण काय नाय बोलणार तुला.’

तेव्हा कुठे नीताबाईंनी तिला ओळखलं. त्या उठल्या, पुडा घेऊन पुढे झाल्या, पण मंगळीने पाण्याचा तांब्या रखमीला दिला, बोचकं डोक्यावर चढवलं आणि ती वाटेला लागली. तिनेही ओळखलं असेल का? मला सांगता येत नाही. मागे मात्र तिने वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून फळीवर ठेवा, असं मी म्हणत नाही. माझं आयुष्य झालं. पण तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या क्लबात जाल, छातीवर बिल्ला लावून कुठल्यातरी पाड्यावर वाढायला उभे राहाल. जरूर जा. तेव्हा कडेवरच्या मुलाला भरवालच, त्याबरोबर ते कोणाच्या कडेवर आहे तेही बघा. तीही पोरच असेल. तुला भूक आहे का, असं तिला विचारत बसू नका, ती हो म्हणणार नाही. वाढा तिला.